बंदोबस्त आणि बीट : मावळातले पोलीसकाम आणि पोलिसांची नजर

लोकांविषयीची पोलिसांची मते बहुतांशी नोकरीत घडतात. मैदानी चाचणी आणि लेखी परीक्षा पार करून शिपाई म्हणून लागलेली मुलगी शेतकऱ्याच्या, शेतमजुराच्या किंवा छोट्या दुकानदाराच्याच घरातून आलेली असते. जात, धर्म, गाव आणि शहर यांविषयीचे समज ती घरून घेऊन येते हे खरे. पण तेच समज तिच्याबरोबर शिकलेल्या आणि पुढे शिक्षिका किंवा एसटीत वाहक झालेल्या मैत्रिणीकडेही असतात. दहा वर्षांनी दोघी एकाच प्रसंगाविषयी बोलू लागल्या की जो फरक ऐकू येतो, तो कामाने पाडलेला असतो. शिक्षिकेच्या बोलण्यात 'पालक' असतात, वाहकाच्या बोलण्यात 'प्रवासी' असतात आणि पोलिसाच्या बोलण्यात 'पब्लिक' असते. या पब्लिकमध्ये पोलीस स्वतःला धरत नाही.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास प्रथम अमेरिकेत झाला. विल्यम वेस्टली यांनी गेल्या शतकाच्या मध्याला इंडियाना राज्यातील गॅरी या पोलाद कारखान्यांच्या शहरातले पोलीस जवळून पाहिले. लोक आपल्या विरोधात आहेत असे ते पोलीस धरून चालत होते आणि आतली गोष्ट बाहेर न सांगणे हा त्यांचा पहिला अलिखित नियम होता. जेरोम स्कोल्निक यांनी १९६६ मध्ये 'जस्टिस विदाउट ट्रायल' या पुस्तकात त्यामागची कारणे मांडली. धोका, अधिकार आणि काम झाल्याचे दाखवण्यासाठी वरून येणारा दट्ट्या या तीन गोष्टी पोलिसाचा स्वभाव घडवतात, असे त्यांचे म्हणणे होते. धोक्यामुळे तो माणसाच्या चालण्याबोलण्यात हल्लेखोराच्या खुणा शोधू लागतो. नकोशा गोष्टी लोकांना करायला लावणे हे अधिकाराचे काम असल्याने लोक त्याच्यापासून दुरावतात आणि तो आपल्याच लोकांत रमतो. दट्ट्यामुळे कायद्याची प्रत्येक पायरी त्याला अडथळा वाटू लागते. पुढच्याच वर्षी, न्यूयॉर्क पोलीस दलात वीस वर्षांहून अधिक नोकरी केलेले आर्थर नीडरहॉफर यांनी 'कशातच राम नाही' या वृत्तीचे मोजमाप करण्याचा प्रयत्न केला. ती वृत्ती निवृत्तीच्या उंबरठ्यावर येत नाही. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतच ती झपाट्याने वाढते, असे त्यांना आढळले.

हे निष्कर्ष जसेच्या तसे महाराष्ट्राला लावता येत नाहीत. ते अभ्यास गस्तीच्या गाडीतून फिरणाऱ्या, कमरेला पिस्तूल असलेल्या, एकट्याने किंवा जोडीने निर्णय घेणाऱ्या शहरी पोलिसांचे होते. भारतातील पोलीस दल १८५७ च्या उठावानंतर, १८६१ च्या कायद्याने, आयर्लंडमधील सशस्त्र दलाचा नमुना समोर ठेवून उभे राहिले. मुंबई इलाख्याने १८६७ आणि १८९० मध्ये आपले स्वतंत्र कायदे केले. १९५१ चा मुंबई पोलीस कायदा, म्हणजे आजचा महाराष्ट्र पोलीस कायदा, त्याच परंपरेत येतो. या दलाचे पहिले काम जमावाला आवरणे हे होते, गुन्ह्याचा तपास त्यामागून आला. म्हणून इथला शिपाई लोकांना दोन अगदी वेगळ्या प्रसंगी भेटतो. एक बंदोबस्त आणि दुसरे बीट. बंदोबस्तात त्याच्यासमोर गर्दी असते, तिला नाव नसते. बीटवर, म्हणजे ठाण्याच्या हद्दीतील ठरावीक गावांची जबाबदारी सांभाळताना, त्याच्यासमोर नावे असतात: समन्स कोणाला द्यायचे, चारित्र्य पडताळणी कोणाची, बांधावरून कोणत्या दोन भावांचे वाजले, पोलीस पाटील कोण. पोलिसाचे लोकांविषयीचे मत या दोन कामांच्या प्रमाणावर मोठ्या अंशी ठरते, आणि हे प्रमाण कसे बिघडते ते पाहायला पुणे जिल्ह्यातल्या मावळासारखा दुसरा तालुका शोधावा लागेल.

मावळातून सगळेच जाते. बोरघाटातून १८६३ मध्ये रेल्वे आली. जुना पुणे–मुंबई महामार्ग आणि २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग तालुका उभा चिरून जातात. टाटांची वळवण आणि शिरवता ही धरणे, पवना धरण, तळेगावची औद्योगिक वसाहत, लोहगड-विसापूर-तुंग-तिकोना हे किल्ले, कार्ला-भाजे लेणी, कार्ल्याची एकवीरा आणि लोणावळा-खंडाळ्याची थंड हवा, हे सारे एकाच तालुक्यात आहे. पोलिसांची रचनाही अशीच तुकड्यातुकड्यांची झाली आहे. लोणावळा शहर, लोणावळा ग्रामीण, कामशेत आणि वडगाव मावळ ही ठाणी पुणे ग्रामीण दलाकडे आहेत. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झाले तेव्हा तळेगाव दाभाडे आणि तळेगाव एमआयडीसी ही ठाणी त्याच्याकडे गेली. द्रुतगती मार्गावर महामार्ग पोलीस, स्थानकात लोहमार्ग पोलीस. इंद्रायणीकाठच्या माणसाला दिवसभरात तीन वेगवेगळ्या दलांची खाकी दिसू शकते, आणि त्यातल्या प्रत्येकाला तो माणूस आपल्या हद्दीपुरताच दिसतो: वाहनचालक म्हणून, रूळ ओलांडणारा म्हणून, आंदोलक म्हणून.

खंडाळ्यातच पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. नवे शिपाई अशा केंद्रांत सुमारे नऊ महिने राहतात. कवायत, शारीरिक कसरत, शस्त्र आणि कलमे यांत दिवस जातो. शिस्त अंगात मुरते. वरिष्ठाला उलट प्रश्न विचारायचा नसतो, हेही मुरते. भांडत आलेल्या नवरा-बायकोशी काय बोलावे, चिडलेल्या गावाला कसे थांबवावे, हे मात्र ठाण्यावर गेल्यावर जुन्या हवालदाराकडून शिकायचे असते. 'तिथे शिकलास ते विसर, इथे आम्ही सांगतो तसं कर' हे वाक्य जगभरातील पोलीस ठाण्यांत नव्या माणसाला या ना त्या रूपात ऐकायला मिळते. हवालदार चांगला भेटला तर शिपायाची अर्धी नोकरी सुधारते. पण ती शिकवणी नशिबावर सोडलेली असते.

आता लोणावळ्याचा पावसाळा. २०११ च्या जनगणनेनुसार लोणावळ्याची लोकसंख्या सुमारे ५७ हजार आहे. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी गावात आणि भोवती या संख्येशी ताळमेळ नसलेली गर्दी येते. भुशी धरण, लायन्स पॉइंट, टायगर पॉइंट, कार्ला फाटा, पवनानगरचा रस्ता, सगळीकडे गाड्यांच्या रांगा. शहर आणि ग्रामीण ठाण्यांचे जवळपास सगळे मनुष्यबळ रस्त्यावर उतरते, मुख्यालयातून कुमक येते, साप्ताहिक सुट्ट्या रद्द होतात. भर पावसात रेनकोट घालून आठ-दहा तास चौकात उभ्या असलेल्या शिपायाला दिवसभर दिसते ते असे: उलट्या दिशेने घुसवलेली गाडी, रस्त्यावर मोठ्याने गाणी लावून चाललेला नाच, हातातली बाटली, 'पाण्यात उतरू नका' असे सांगितल्यावर आलेले हसू. त्या दिवशी आलेल्या हजारो माणसांतली बहुसंख्य भजी खाऊन, चिक्की घेऊन गुपचूप परत गेलेली असतात. ती त्याच्या लक्षात राहत नाहीत, कारण त्यांच्याशी बोलण्याचा प्रसंगच येत नाही. पोलिसाच्या अनुभवातील हा मूळचा दोष आहे. नियम पाळणारा माणूस त्याच्या कामाच्या कक्षेत येत नाही, मोडणारा तेवढा येतो. आणि मत तर कक्षेत आलेल्यांवरूनच बनते. 'पब्लिक ऐकतच नाही' हे चौकातले वाक्य म्हणूनच खोटे नसते आणि पूर्ण खरेही नसते.

त्याहून खोल जखम करणारी गोष्ट वेगळी आहे. महागड्या गाडीतला माणूस थांबवला जातो, तो खिशातून फोन काढतो, कोणाला तरी लावतो आणि शिपायाच्या हातात देतो. पलीकडून कोणी लोकप्रतिनिधी, कोणी अधिकारी किंवा तसे सांगणारा कोणी बोलतो. गाडी सुटते. पुढच्याच मिनिटाला थांबवलेल्या दुचाकीवरच्या पोराकडे असा फोन नसतो. त्याची पावती फाटते, वर चार शब्दही ऐकावे लागतात. शिपाई यातून दोन गोष्टी शिकतो. कायदा फोन नसलेल्यांसाठी असतो, ही एक. दुसरी अशी की आपला अपमान खाली उतरवता येतो. गरीब माणसाशी पोलीस उर्मट का बोलतात, याचे उत्तर शोधणाऱ्याने पोलिसाच्या जातीवर्गाकडे पाहावे हे बरोबरच. पण त्याआधीच्या मिनिटात चौकात काय घडले तेही पाहावे.

इथला धोकाही वेगळा आहे. स्कोल्निक यांच्या लिखाणातला धोका हल्लेखोराचा होता. लोणावळ्यात धोका पाण्याचा, दरीचा आणि वेगाचा आहे, आणि तो पोलिसापेक्षा इतरांच्या जिवावर अधिक बेततो. ३० जून २०२४, रविवार. भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात पाणी अचानक वाढले आणि पुण्याहून आलेल्या एका कुटुंबातले पाच जण, एक महिला आणि चार मुले, वाहून गेले. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभ्या असलेल्या त्या माणसांची चित्रफीत देशभर पाहिली गेली. त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघाले, सायंकाळी सहानंतर पर्यटनस्थळे रिकामी करण्याचे बंधन आले, धरणाच्या वाटेवरच्या टपऱ्या हटवल्या गेल्या. वर्षभराने, १५ जून २०२५ रोजी, तोही रविवारच, तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चार जणांचा मृत्यू झाला. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता.

अशा घटनेनंतर पोलिसाच्या वाट्याला येणारे काम सर्वांत कमी दिसते: मृतदेहाचा पंचनामा, नातेवाइकांची ओळख पटवणे, अकस्मात मृत्यूची नोंद, शवविच्छेदनाच्या खोलीबाहेरचे थांबणे. बातमीत प्रश्न एकच असतो, पोलीस काय करत होते? आदल्या रविवारी हटकले तर 'आमच्या मजेवर विरजण घालतात' आणि या रविवारी हटकले नाही तर निष्काळजी. ही कैची वर्षानुवर्षे अनुभवलेला माणूस एक तर अलिप्त होतो किंवा सरसकट बंदीचा पुरस्कर्ता होतो. बंदीचा आदेश पोलिसाला सोपा पडतो, कारण त्यात माणसागणिक विचार करावा लागत नाही. टपरीवाल्याची रोजी त्या आदेशात बुडते. ती बुडवण्याचे कामही त्याला रोज ओळख देणाऱ्या शिपायाच्याच हातून होते.

टपरीवाला, दुधवाला, पवनेकाठचा ऊस आणि भात पिकवणारा शेतकरी, हे झाले 'स्थानिक'. पोलिसांच्या व्यवहारी भाषेत या शब्दाला आदर आणि सावधगिरी अशा दोन्ही छटा आहेत. स्थानिक म्हणजे ज्याच्या मागे गाव उभे राहते. पर्यटक संध्याकाळी निघून जातो. स्थानिक उद्याही असतो, आणि त्याच्या बाजूने बोलणारा नेताही असतो. मावळ आणि शेजारच्या मुळशीत या 'स्थानिकां'ची राज्याशी गाठ वारंवार पडली ती पाण्यावरून. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला, तेव्हा त्यांच्यासमोर कंपनीची माणसे होती आणि सरकारचे पोलीस होते. जमीन कंपनीला, पाणी शहराला आणि गावाला बंदोबस्त, हा या खोऱ्यांचा जुना अनुभव आहे. पवना धरणाच्या विस्थापितांचे पुनर्वसनाचे गाऱ्हाणेही त्याच पंक्तीतले.

९ ऑगस्ट २०११ रोजी या साऱ्याचा स्फोट झाला. पवना धरणातून बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला पाणी नेण्याची सुमारे ३५ किलोमीटरची योजना होती. पाणी नदीऐवजी नळातून गेले तर काठच्या विहिरी आणि उपसा योजना आटतील, अशी शेतकऱ्यांची भीती होती. क्रांतिदिनी त्यांनी बऊर गावाजवळ द्रुतगती मार्ग अडवला. दगडफेक झाली, वाहनांची जाळपोळ झाली आणि पोलिसांनी गोळीबार केला. एका महिलेसह तीन शेतकरी ठार झाले. दगडफेक किती झाली, गोळीबाराची गरज होती का, यावर दोन्ही बाजूंच्या हकिगती जुळल्या नाहीत; सरकारने निवृत्त न्यायाधीशांकडून चौकशी करवली. पण दूरचित्रवाहिन्यांवरील एका दृश्याने लोकांचे मत सर्वांत जास्त घडवले. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या वाहनांच्या काचा पोलीसच फोडताना त्यात दिसत होते.

ते दृश्य समजून घेतले पाहिजे, कारण गोळीबारामागे निदान कायद्याच्या युक्तिवादाचा आधार घेता येतो. उभ्या गाडीची काच फोडण्यामागे तो घेता येत नाही. त्या कृतीने जमाव पांगत नाही, कोणी पकडला जात नाही. ती शिक्षा आहे. ती करणाऱ्याच्या नजरेत समोरचे गाव एकच देह झालेले असते. दगड कोणी मारला आणि गाडी कोणाची, हा भेद उरत नाही. बंदोबस्तात भेटलेल्या माणसांविषयी हे होऊ शकते. बीटवर भेटलेल्या माणसाविषयी ते होणे फार अवघड, कारण गाडी कोणाची हे माहीत असते. मोठ्या बंदोबस्ताची रचनाच अशी असते की गाव ओळखणारा बीट अंमलदार कडेला राहतो आणि मुख्यालयातून, इतर ठाण्यांतून आलेली, गाव न ओळखणारी माणसे पुढच्या रांगेत येतात. तीन माणसे गेल्यावर जलवाहिनी मात्र दशकाहून अधिक काळ जिथल्या तिथे राहिली. त्या काळात बऊर-कामशेतच्या परिसरात नेमणुकीवर आलेल्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला त्या दिवसाचा वारसा मिळत गेला, तो तिथे असो वा नसो.

बंदोबस्तामुळेच सारे बिघडते, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. आषाढी वारीचा बंदोबस्त हा उलटा दाखला आहे. देहू-आळंदीहून निघणाऱ्या पालख्यांबरोबरची गर्दी लोणावळ्याच्या कोणत्याही रविवारपेक्षा मोठी असते, तास तितकेच लांब असतात, पाऊस तोच असतो. तरी वारीच्या बंदोबस्ताहून परतलेला पोलीस 'पब्लिक ऐकत नाही' असे क्वचित म्हणतो. वारीला स्वतःची शिस्त आहे. दिंडीला क्रमांक आहे, वीणेकरी आहे, चोपदार आहे. पोलिसाला हजारो माणसांशी बोलावे लागत नाही, दिंडीप्रमुखाशी बोलावे लागते. ही मधली माणसे जिथे अपुरी पडतात तिथे वारीतही खटका उडतो. ११ जून २०२३ रोजी आळंदीत पालखी प्रस्थानाच्या वेळी पोलीस आणि काही वारकरी यांच्यात झटापट झाली, लाठीमाराचा आरोप झाला आणि सरकारने तो नाकारला. भुशीच्या पायऱ्यांवर बसलेल्या गर्दीला चोपदार नसतो.

पर्यटक आणि स्थानिक यांच्यानंतरचा, पोलिसाच्या मनातला तिसरा वर्ग सर्वांत दुबळा आहे आणि त्याच्याविषयीचे मत सर्वांत पक्के असते. तो 'रेकॉर्डवरचा'. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. मुंबई इलाख्यात ही पकड १९११ च्या कायद्याने घट्ट झाली. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, त्या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या गेल्या, पण चोरी झाली की पहिल्यांदा पारध्यांच्या पालावर जाण्याची सवय कायद्याबरोबर रद्द झाली नाही. यात धोक्यापेक्षा दट्ट्याचा भाग मोठा असतो. वरिष्ठाला 'संशयित ताब्यात' असे सांगायचे असते आणि पालावर वकील नसतो, फोनही नसतो. मावळातल्या कातकरी आणि ठाकर वस्त्यांना हा शिक्का त्याच रीतीने लागला असे म्हणता येणार नाही, पण ठाण्याच्या पायरीशी त्यांचे नाते तितकेच दूरचे आहे. त्यांची तक्रार क्वचित नोंदवली जाते आणि त्यांची साक्ष हलकी धरली जाते.

'कॉमन कॉज' आणि 'लोकनीती-सीएसडीएस' यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २१ राज्यांतील सुमारे १२ हजार पोलिसांच्या मुलाखती होत्या. मुसलमान स्वभावतःच गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता असते, या विधानाशी जवळपास निम्मे पोलीस कमी-अधिक प्रमाणात सहमत होते. किरकोळ गुन्ह्यात खटल्याऐवजी पोलिसांनीच छोटी शिक्षा द्यावी, असे तिघांतील एकाहून अधिकांना वाटत होते. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये पोलिसांत मुरलेल्या पूर्वग्रहाकडे बोट दाखवले होते, त्याला तेव्हा वीस वर्षे होऊन गेली होती. याच २०१९ च्या अहवालात दुसरीकडे असेही होते की पोलीस सरासरी चौदा तास काम करतात आणि त्यांच्यातील निम्म्यांना साप्ताहिक सुट्टी मिळत नाही. पूर्वग्रहाचे आणि थकव्याचे हे आकडे एकाच अहवालात आहेत, हे वाचणारे फारसे लक्षात घेत नाहीत. थकवा पूर्वग्रह जन्माला घालत नाही. पण थकलेला माणूस विचार करण्याऐवजी तयार साच्यावर विसंबतो, आणि साचे ठाण्यात तयार असतात.

चौदा तासांचा भार एकसारखा वाटलेला नसतो. महाराष्ट्र पोलीस कायद्याप्रमाणे पोलीस नेहमीच कामावर असल्याचे मानले जाते. सुट्टी ही सवलत असते, आणि ती साहेबाकडे मागावी लागते. शिपायाला साहेबाच्या बोलण्याची जी पट्टी ऐकायला मिळते, तीच तो तक्रारदारापुढे लावतो. जो स्वतः रजेसाठी चार वेळा टेबलाशी उभा राहिला आहे, त्याला अदखलपात्र तक्रार घेऊन आलेल्या बाईला तासभर बाकावर बसवण्यात काही वावगे वाटत नाही. पोलिसांनी लोकांशी सौजन्याने वागावे अशी परिपत्रके निघतात तेव्हा हा दुवा बहुधा विसरला जातो; परिपत्रक ज्या सुरात खाली पाठवले जाते तो सूरच त्याचा मजकूर खोडतो.

बदल्यांचाही या नजरेशी संबंध आहे. प्रकाश सिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानंतर महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. त्यानुसार शिपाई-हवालदारांचा एका जागेवरचा नेहमीचा कालावधी पाच वर्षे, तर उपनिरीक्षक ते निरीक्षक यांचा एका ठाण्यातला कालावधी दोन वर्षे आहे. प्रत्यक्षात अधिकारी त्याआधीही हलतात. परिणाम असा की ठाण्याचा सूर ठरवणारा माणूस गाव ओळखू लागतो न लागतो तोच जातो, आणि गाव ओळखणारा हवालदार सूर ठरवू शकत नाही. हवालदाराच्या ओळखीकडे संशयानेही पाहिले जाते, कारण ओळखीतून हप्ताही जन्मतो आणि विश्वासही. बदलीचे धोरण दोन्ही एकदम तोडते.

पोलिसांच्या बोलण्यावरून त्यांच्या वागण्याचा अंदाज करणेही धोक्याचे. ब्रिटिश अभ्यासक पी. ए. जे. वॉडिंग्टन यांनी १९९९ मध्ये हा आक्षेप नोंदवला. चहाच्या टेबलावरची कडवी भाषा हा ताण उतरवण्याचा आणि आपण एक आहोत हे सांगण्याचा मार्ग असतो, रस्त्यावर तेच लोक बऱ्याचदा बोलतात त्याहून बरे वागतात. मावळात याचा पडताळा दरीत मिळतो. पर्यटकांना दिवसभर शिव्या मोजणारा शिपाई रात्री लोहगडाच्या किंवा टायगर पॉइंटच्या कड्याखाली अडकलेल्या त्याच पर्यटकासाठी दोर धरून उभा असतो. लोणावळ्यातील 'शिवदुर्ग मित्र'सारख्या स्थानिक संस्थेची मुले खाली उतरतात, पोलीस वरती दोर, दिवे, रुग्णवाहिका आणि नोंदी सांभाळतात. अशा कामात पोलीस आणि गावकरी एकमेकांना हुकूम देणारा आणि ऐकणारा म्हणून भेटत नाहीत. भुशीच्या दुर्घटनेनंतर मृतदेह शोधण्याचे काम याच जोडीने केले. पोलीस ज्यांच्याविषयी नावानिशी आणि आपुलकीने बोलतात, असे मावळातले नागरिक बहुधा या कामातून ओळखीचे झालेले असतात.

ओळख योजनापूर्वक घडवता येते, याचा महाराष्ट्रातला सर्वांत ठळक दाखला भिवंडीचा. १९८४ च्या दंगलीने पोळलेल्या या शहरात सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त असताना १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. दोन्ही धर्मांची सामान्य माणसे, पुढारी कमी, आणि त्यांच्याबरोबर नियमित बसणारे पोलीस, अशी त्यांची रचना होती. आधी भांडणतंटा, नळ, कचरा, भोंगा यांवर बोलणे झाले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. या प्रयोगाचे श्रेय बहुधा लोकांच्या बदललेल्या मनाला दिले जाते. त्यात पोलिसांचे मनही बदलले होते, कारण महिन्यामागून महिने शिपायाला मोहल्ला नावांनिशी भेटत होता. २००७ मध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तिच्यातही हे बीज होते. काही गावांत ती रुजली. अनेक ठिकाणी ती पुरस्काराच्या रकमेसाठी भरायच्या तक्त्यांची मोहीम झाली. बऊरचा गोळीबार झाला तेव्हा गृहमंत्री तेच होते.

तासांचा प्रश्नही सुटूच शकत नाही असे नाही. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यातील एका शिपायाने आठ तासांच्या पाळ्यांचे वेळापत्रक मांडले आणि तत्कालीन पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी २०१६ मध्ये ते त्याच ठाण्यात राबवून पाहिले. पुढे ते इतर ठाण्यांत गेले. खालच्या माणसाचे वरच्याने ऐकल्याचे हे उदाहरण आहे, आणि त्यात वेळेपेक्षा ती ऐकण्याची गोष्ट कदाचित अधिक मोलाची असेल. ग्रामीण ठाण्यांना हे वेळापत्रक झेपत नाही, कारण तिथे शनिवार-रविवार पाळी मोडतात. लोणावळ्याला कायमचे मनुष्यबळ कायमच्या लोकसंख्येच्या हिशेबाने मिळते आणि काम येणाऱ्या गर्दीच्या हिशेबाने. गर्दीचे नियोजन, वाहनतळ, पाण्याकाठचे जीवरक्षक, प्रवेशाची मर्यादा ही नगरपरिषद, वन विभाग, रेल्वे आणि पाटबंधारे खाते यांची कामे आहेत. ती होत नाहीत तेवढी सारी शेवटी शिपायाच्या शिट्टीवर येऊन पडतात.

त्या शिट्टीची किंमत आठवड्याच्या मधल्या दिवसांत मोजली जाते. बीट अंमलदार सोमवारी उशिरा येतो, मंगळवार न्यायालयात जातो, शुक्रवारी पुन्हा बंदोबस्ताची यादी लागते. नाणे मावळातल्या किंवा पवन मावळाच्या टोकाच्या वाडीपर्यंत त्याची फेरी होतच नाही, झाली तर पोलीस पाटलाच्या दारात सही घेऊन संपते. १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने नेमलेला पोलीस पाटील हा या दुर्गम वाड्यांचा ठाण्याशी असलेला एकमेव नेहमीचा दुवा उरतो, आणि गावातील भांडणात तो स्वतः एका बाजूचा असला तर तोही दुवा एकाच बाजूचा राहतो. कोणत्या बीटवर कोण, कधी आणि किती वेळ गेला याची नोंद ठाण्याच्या दैनंदिनीत रोज होते. बंदोबस्ताचे तास आणि बीटचे तास त्या दैनंदिनीतून महिन्यागणिक वेगळे काढता येतात. पावसाळ्याचे चार महिने आणि उरलेले आठ यांची तुलनाही त्यावरून करता येते. वरिष्ठांच्या तपासणीत गुन्हे किती उघडकीस आले, प्रलंबित प्रकरणे किती, मुद्देमाल किती, हे विचारले जाते. बीटच्या तासांचा रकाना त्या तपासणीत अजून नाही.